आबांची बंदूक विकू नका

आबा, नळी वाकलेली नाही, हे मी दिवाळीतही सांगितलं होतं. तुम्ही ऐकता कुठं? रानडुक्कर हुकलं की दोष बंदुकीला, आणि आता म्हणे ती विकायची! मंडळी, हे पत्र आबांना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा.

आज सुट्टी होती म्हणून इथल्या डिंडोलीच्या जत्रेत गेलो. सोबत आमच्या कापडाच्या कारखान्याचे वॉचमनकाका. जुने फौजी, तीनशे यार्डांवर रायफलीनं नेम मारलेला माणूस. पण छर्‍याच्या बंदुकीनं दहा पावलांवरचा एक फुगा फुटेना. फुग्यांचा गुजराती दुकानदार हसला, "काका, हाथ ध्रूजे छे?"

"हात नाही थरथरत रे. फुगा चांगला दिसतो, पण नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक खुंट, पुसट झालीय. नेम कशावरून धरू?" असं म्हणून काकांनी त्याचाच वाचायचा चष्मा मागितला आणि डोळ्यांवर चढवला. "आता फुगा धुरकट दिसतोय. दिसू दे. माशी स्वच्छ पाहिजे." मग फटाफट फुगे फुटले. दुकानदारानं चष्मा परत घेतला.

आबा, तुम्हीही तेच म्हणता ना, लांबचं झाड दिसतं, मग चष्मा कशाला? मला तेव्हा शेतातल्या माळ्यावर तुमच्याजवळ बसावंसं फार वाटलं. तुम्ही हळूच "श्वास धर" म्हणायचात. इथं मागांच्या खडखडाटात एवढं हळू कोणी बोलत नाही.

मंडळी, आबांना तालुक्याला कोण नेतं? चष्म्यासाठी वीस रुपयांची मनीऑर्डर पाठवतोय.