मास्तरांच्या खिळ्यावरची शेवटची किल्ली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान होतं. शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे शिवणारे. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, कापायचं एक टेबल आणि मास्तर उठून उभे राहिले तर गिऱ्हाइकाला बाहेर जावं लागेल एवढी जागा. मशीनच्या वरच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घराची किल्ली.

त्या काळी बाहेर पडताना घराची किल्ली बरोबर नेणं म्हणजे गल्लीवर संशय घेतल्यासारखं होतं. कामावर जाणारा माणूस जाता जाता मास्तरांच्या हातावर किल्ली ठेवायचा आणि घरातलं जे कोणी आधी परतेल ते ती घेऊन जायचं. किल्लीला ना नंबर, ना नाव. त्या घरासाठी शिवलेल्या कापडाची एक चिंधी मास्तर तिला बांधून ठेवत. खाकी चिंधी बस ड्रायव्हरची, फुलाफुलांची बेकरीवाल्यांची, जांभळी टायपिस्टबाईंची.

पद्धत बिनचूक होती. फक्त एका वर्षी कापडवाल्याने सेल लावला आणि निम्म्या गल्लीने एकाच ठाणातलं चौकडीचं कापड उचललं. मग पोस्टातल्या हेडक्लार्कना भलतीच किल्ली मिळाली. ती आपल्या दाराला लागेना, तेव्हा आपणच मजला चुकलो असं त्यांनी ठरवलं, वरच्या मजल्यावर जाऊन लावून पाहिली आणि दार उघडलं. बूट काढून ते पेपर वाचत बसले. थोड्या वेळाने त्या घरच्या वहिनी आल्या. दार उघडं, आत शेजारचे भाऊजी, म्हणून त्यांनी निमूटपणे चहा टाकला. न मागता चहा समोर आला, तेव्हा कुठे हेडक्लार्कना शंका आली.

पुढे शहर उंच होत गेलं आणि दारांना आकडे दाबायची कुलुपं आली. माणसं किल्ल्या विसरली. मास्तरांच्या भिंतीवर त्या तशाच लटकत राहिल्या. शेवटी दुकानाची इमारतच पाडायची ठरली. मास्तरांच्या मुलाने समोरच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर घर घेतलं होतं. तो म्हणाला, "बाबा, आता पुरे. वर या आणि आराम करा."

"किल्ल्या ज्याच्या त्याला दिल्याशिवाय मी शटर ओढणार नाही," मास्तर म्हणाले.

"कोणाला हव्यात त्या?"

मास्तर एकेक किल्ली खिळ्यावरून उतरवून पुसू लागले. सुनेने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, त्यांना किल्ल्यांची काळजी नाही. इतकी वर्षं येणारा जाणारा दुकानात डोकावत होता. इतक्या वर आपल्याकडे कोण फिरकणार, याची काळजी आहे."

मास्तर घरोघर हिंडले. हेडक्लार्कांच्या सुनेने किल्ली उलटीपालटी करून पाहिली.

"कशाची हो ही?"

"तुमच्या दाराची."

"आमच्या दाराला भोकच नाही, मास्तर."

तरी तिने ती शोकेसमध्ये ठेवली, शिंपल्यांच्या शेजारी. रिटायर झालेले बस ड्रायव्हर म्हणाले, "दार गेलं, इमारत गेली. आता हिने काय पाठ खाजवू?"

"खाजवा," मास्तर म्हणाले. "तुमचीच आहे."

दुकान बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी भिंतीवर फक्त जांभळी चिंधी उरली. टायपिस्टबाई एकट्या राहत, अजूनही एका वकिलाकडे अर्धा दिवस टायपिंगला जात, आणि त्यांचं कुलूप जुनंच होतं. त्या नेहमीसारख्या किल्ली न्यायला आल्या.

"बाई, आता ही तुमच्याजवळच ठेवा."

"का? मी काय केलं?"

"उद्या दुकान बंद."

"दुकान बंद होऊ दे. तुम्ही कुठे निघालात?"

"समोरच. अठराव्या मजल्यावर."

"लिफ्ट चालते का?"

"चालते की."

"मग झालं तर. आजवर मी तीन पर्सा हरवल्या, किल्ली एकदाही नाही. कारण ती तुमच्याकडे होती. या वयात माझी सवय मोडू नका. सकाळी वर आणून देते."

मास्तरांनी उगाचच कात्री उघडमीट केली आणि ते 'बरं' म्हणाले.

नव्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तर सोसायटीची परवानगी लागते, असं मुलगा सांगत होता. तोवर मास्तरांनी दाराशेजारी खिळा ठोकलासुद्धा. बशीएवढा रंग उडाला. मुलगा त्या बशीकडे बघत राहिला. सून म्हणाली, "मी कॅलेंडर लावते त्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून वॉचमनचा फोन आला. "एक बाई आल्यात. म्हणतात, त्यांच्या घराची किल्ली तुमच्याकडे ठेवायचीय. सोडू का?"

"सोडा," सून म्हणाली. "संध्याकाळी परत न्यायला येतील, तेव्हाही सोडा. रोजच सोडा."

आता संध्याकाळी मास्तर दारात उभे राहून लिफ्टचे आकडे वर चढताना बघतात. बाई बाहेर येतात, किल्ली घेतात, उंचीबद्दल तक्रार करतात आणि चहा घेऊन जातात. किल्ली तीच आहे. जांभळी चिंधी विरली होती, तिच्या जागी हल्ली बाईंच्या नव्या ब्लाउजची हिरवी आली आहे. म्हणजे मशीनही वर पोचलं. आपल्या वडिलांनी ते शोभेसाठी ठेवलंय, असं मुलगा पाहुण्यांना सांगतो.