उड्यांचा तक्ता

समोरच्या गच्चीवर एक मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती. मध्येच थांबून मनगटावरच्या घड्याळात किती कॅलरी जळल्या ते बघत होती. मला माझी थोरली बहीण, सुमाताई आठवली.

'मुलगी अंगानं जाड आहे,' असं कळवून एका स्थळानं ताईला नकार दिला. तेव्हा आईनं मासिकातला एक तक्ता कापून कपाटावर चिकटवला. किती उड्या मारल्या की किती कॅलरी जातात, याचा अंदाज त्यात दिला होता. ताई उड्या मारायची, मी मोजायची. "अजून सकाळची पोळी जिरली नाही गं," म्हणत ती पुन्हा सुरू करायची. असले आकडे माणसागणिक बदलतात, हे आम्हाला कोण सांगणार? पुढे पुढे तर तिनं पोळी खाणंच सोडलं. आई मात्र शेजारणींना कौतुकानं सांगायची, "सुमा आता कशी सडपातळ झालीय बघा!"

एका सकाळी उड्या मारता मारताच ताई कोसळली. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं.

त्याच्या थोडंच आधी धापा टाकत तिनं मला विचारलं होतं, "बास का गं?"

मी म्हणाले होते, "अजून वीस."