दिवाणावरची ओल

हे मी नवऱ्यापाशीसुद्धा कधी काढलं नाही. तुला सांगते — मध्येच अडखळले तर समजून घे, तोंडातून निघायला जड जातंय.

देवबागला आमच्या घरी पर्यटक राहायला येतात. त्यांचं जेवण मी करते, गाद्या उचलते, पाण्याच्या बादल्या ओढते. बोलण्यात कुणाला हार जात नाही. पण खोकला आला की आधी पाय आवळते — धाकट्याच्या बाळंतपणापासून. बायकांना होतंच, असं म्हणत इतकी वर्षं काढली. तो दोष म्हणशील, तर तो माझ्यापुरता होता. मला सांगायचंय ते वेगळं आहे. मी ते दुसरीच्या अंगावर ढकललं.

धाकटा तान्हा असताना नांदगावला नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती. होमाचा धूर घरभर. मी दिवाणावर बसले होते, शेजारी माझी चार वर्षांची दीपा. धुराने ठसका लागला — आणि थांबेचना. उठले तर नव्याकोऱ्या चादरीवर ओल. समोर नणंद, आणखी बायका. काय केलं असेल मी? दीपाला पुढे ओढलं आणि म्हटलं, हिने केलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आये, मी नाय केलंय गो."

मी तिच्या थोबाडीत दिली. सगळ्यांसमोर.

एकदा झालं म्हणून तरी थांबले का? छे! ती लबाडी सोयीची पडली. कुठेही गेलं की दीपाला चिकटून बसायची, तिची जास्तीची चड्डी पिशवीत सगळ्यांना दिसेल अशी वर ठेवायची. नातेवाइकांत तिचं नाव झालं. पोरं चिडवायची. शाळेच्या सहलीला ती गेली नाही तेव्हा का ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ दोन महिन्यांचं झालं तरी तिचे परकर सारखे धुतले जात आणि मागच्या पडवीत, कुणाला दिसू नयेत असे वाळत. बाळाला अंगावर पाजणारी पोर, आणि पाणी पिणं सोडलेलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊया. ती अगदी शांतपणे म्हणाली, "कित्याक? माका लहानपणापासून असाच होता. तुका म्हायत आसा मां?"

ऐकलंस? माझं खोटं तिने खरं धरलं होतं. आपलं अंगच तसलं, त्याला डॉक्टर काय करणार — अशी तिची समजूत. मी गप्प राहिले असते तर तिनेही माझ्यासारखा जन्म पाय आवळत काढला असता. मला स्वतःचा असा राग आला की लाजेला जागाच उरली नाही. तिथल्या तिथे तिला सगळं सांगितलं. मग तिच्यासमोरच नणंदेला फोन लावला आणि तेच सांगितलं, काही न गाळता.

दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन आम्ही रिक्षाने कुडाळला बाई डॉक्टरांकडे गेलो. त्रास कुणाला, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हटलं, दोघींना, माझा जुना. त्यांनी दोघींना तपासलं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून सैल पडतात. पुष्कळ जणींना होतं, पण म्हणून सोसत बसायचं नसतं, असं म्हणाल्या. ते स्नायू आत खेचून धरायचे, सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. आणि जमतंय का हे दाखवायला परत यायचं. पाणी कमी करायचं नाही. दीपाला व्यायामानेच पुष्कळ फरक पडेल म्हणाल्या. माझी गर्भपिशवी खाली उतरलीय. व्यायाम पुरला नाही तर आणखी उपाय आहेत. जे करावं लागेल ते मी करणार आहे. पुढची तारीख दोघींचीही घेऊन ठेवलीय.

परतताना रिक्षात दीपा त्यावर पहिल्यांदा बोलली. "ओल तुझी होती, मगे माका मारलंस कित्याक?"

"तू खरा बोललंस म्हणान," मी म्हटलं.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बाहेर बघत राहिली.