कंट्रोलर काकांची भूमिका

"हं, मंग?"

दुकानात पाऊल टाकता टाकताच ते हे म्हणत. जणू माझं काहीतरी सांगणं अर्ध्यावर राहिलं होतं आणि ते पुढचं ऐकायला आले होते. माझं काहीच राहिलेलं नसायचं. मी मशीनवर ब्लाउजच्या बाह्या जोडत असायचे. ते स्टूल ओढून बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत आणि माझ्या तोंडाकडे बघत.

"काई नाई काका. काम करून राह्यली."

"बरं. मंग?"

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण बोलावं म्हणून तो थांबलेला असतो, आणि आपल्याला नेमकं तेव्हाच काम असतं.

ते रिसोडच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठे लागली, कोणती रद्द झाली, हे नोकरीभर भोंग्यातून सांगत आले. निवृत्त झाले तरी गावाला ते कंट्रोलर काकाच. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. घर माझ्या दुकानामागच्या गल्लीत. शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला एकदा येत, मग त्याच शर्टाचे काज ढिले झाले म्हणून पुन्हा येत. मी एकदा स्पष्टच विचारलं, "काका, एका खेपेत काहून नाई सांगत सारं?"

"मंग परवा कायले येऊ?"

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मी शर्ट ठेवून घेतला.

आमच्याकडे नवरात्रात ऐतिहासिक संगीत नाटक होतं. त्यात धंदेवाईक नट कोणी नाही. नर्स, मेडिकलवाले, मास्तर, बाजार समितीतले हमाल, सगळे गावचेच. पोशाख माझ्याकडे असतात, म्हणून पात्रांच्या निवडीला मलाही टेप घेऊन बसावं लागतं. निवड होते एका अडत्या शेठच्या गोडाऊनमध्ये. नवं सोयाबीन येईपर्यंत ते रिकामं असतं, आणि आमचं नाटक त्याआधी उरकावं लागतं. गोडाऊन देतो म्हणून शेठला दरवर्षी एक भूमिका द्यायची, गाणं नसलेली, उभं राहण्याचीच जास्त.

निवडीची आमची एक पद्धत आहे. एक जण आपल्या पात्राचं बोलतो आणि रांगेत त्याच्या मागे उभा असलेला समोरच्या पात्राचं वाचतो. कोणी राजा म्हणून उभा राहिला की मागचा आपोआप प्रधान. मग प्रधान पुढे सरकतो आणि त्याच्या मागचा राणी होतो, भले त्याला मिशा असोत.

काका दरवर्षी रांगेत असत. आपली पाळी झाली की गोडाऊनला वळसा घालून पुन्हा शेवटी जाऊन उभे राहत. राजाही म्हणून बघत, भालदारही, दासीही. नाटक बसवणारे आमचे सर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, वैतागत.

"काका, तुमचं झालं ना?"

"राजाचं झालं सर. घोडेवाल्याचं रायलं."

गाण्याच्या परीक्षेत ते पहिल्याच ओळीला पडत. कोणतंही पद ते गाडी सुटायची सूचना द्यावी तसं म्हणत, शेवटचं अक्षर लांबवून. पेटीवर मेडिकलवाले बसत. ते बिचारे काळी पाच, पांढरी दोन असं काकांच्या मागे धावत आणि शेवटी भाता सोडून हात जोडत. "काका, तुमच्या सुराले स्टॉप नाई."

पण खरी पंचाईत संवादांची होती. एका वर्षी एक हमाल दूत झाला होता. तो धापा टाकत म्हणाला, "महाराज, शत्रू वेशीपर्यंत आला!" काकांना राजा म्हणून एवढंच वाचायचं होतं, "दरवाजे बंद करा." काकांनी कागद खाली केला.

"किती लोक हायेत?"

हमाल गडबडला. "लय हायेत."

"कोनत्या रस्त्यानं आले? तू पयतच आला काय? पानी पेला?"

गोडाऊन हसून हसून दणाणलं. सर ओरडले, "काका, लिहिलंय तेवढंच बोला!"

"सर, एवढ्या दुरून आला तो. दरवाजे लावा म्हनून गप बसू काय?"

त्यांना भूमिका कधीच मिळाली नाही. तरी पुढच्या वर्षी ते रांगेत असतच. मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याला नटायची हौस आहे.

मग सरांनी वाकाटकांवर नाटक लिहिलं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, तिथल्या दरबाराची गोष्ट. मला म्हणाले, "ताई, त्या काळी शिवलेले कपडे नव्हते." मी म्हटलं, "मंग मले कायले बोलावलं?" शेवटी धोतरं, उपरणी आणि राणीचा शेला एवढ्यावर आलं.

त्या निवडीत सरांनी काकांना बाजूला बोलावलं. त्यांनी मनात काहीतरी चांगलं ठरवलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "काका, या वर्षी तुम्ही सूत्रधार. नाटकातली मोठी भूमिका. गाणं नाही. रंगमंचाच्या कडेला उभं राहायचं आणि सगळी गोष्ट सांगायची. तुमच्या आवाजाला माइकसुद्धा लागणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काकांनी कागद हातात घेतले, उलटून पालटून पाहिले.

"माह्याशी कोन बोलते याच्यात?"

"कोणी नाही. तुम्ही लोकांशी बोलायचं."

"अन् लोक बोलतेत?"

"लोक कसे बोलतील, काका? ते बघायला आलेले असतात."

काकांनी कागद नीट जुळवले आणि सरांच्या हातात परत दिले. "मंग नाई जमत सर. असं त म्या नोकरीभर केलं. भोंग्यात बोललो अन् घरी गेलो."

सरांचा चेहरा उतरला. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याले राजाच व्हायचं असन." काका त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "राजा नाई रे बावा. कोनी बी चालते. फक्त समोरून कोनी बोललं पाह्यजे."

टेप गुंडाळता गुंडाळता मी थांबले. इतकी वर्षं हा माणूस रांगेच्या शेवटी का जाऊन उभा राहतो, ते मला त्या दिवशी कळलं. भूमिकेसाठी नव्हे. त्या रांगेत मागच्याला उत्तर द्यावंच लागतं.

राणीचं काम सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडे होतं. ती इंजेक्शन देते तशीच बोलते, लवकर आणि थेट. ती म्हणाली, "सर, काकायले माहा कंचुकी करा न."

कंचुकी म्हणजे राणीच्या महालावरचा म्हातारा सेवक. युद्धावर गेलेला राजा परतला का, हे राणी त्याला तीन वेळा विचारते. तीन वेळा तो तेच सांगतो. एवढीच भूमिका. अडचण अशी की ती शेठची होती.

"माह्या गोडाऊनात माहाच रोल काढता?" शेठ उखडला.

"शेठ, तुमी सूत्रधार व्हा," सिस्टर म्हणाली. "सगळ्यात मोठा रोल हाय. आखा वेळ तुमीच दिसान."

 शेठने उपरणं कोणत्या रंगाचं मिळेल ते मला विचारलं. प्रश्न मिटला. शेठचा आवाज बारीक, पुढच्या सतरंजीपर्यंतसुद्धा जायचा नाही, पण ते दुखणं सरांचं होतं.

तालमीत सिस्टर विचारायची, "आर्य, वेशीवरून कोणी येताना दिसतं का?"

काका मान वर करून दूर बघत आणि म्हणत, "धूळ दिसते, देवी. माणूस दिसत नाही."

ते वाक्य त्यांनी सरांना हवं तसं, शुद्ध पाठ केलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सर खूश झाले. तालीम संपली की काका सिस्टरला म्हणत, "सिस्टर, एकडाव इचारा न." सिस्टर दिवसभराची उभी राहून दमलेली असायची. कधी विचारायची, कधी म्हणायची, "उद्या काका. पाय गेले माहे." मग ते "बरं, बरं" म्हणत चपला शोधायला लागत.

नाटकाच्या दिवशी मी विंगेत सुईदोरा घेऊन उभी होते. काकांचं उपरणं मी दोन ठिकाणी टाचून दिलं होतं, कारण त्यांना ते सतत नीट करायची सवय. राणीने पहिल्यांदा विचारलं, उत्तर बरोबर आलं. दुसऱ्यांदा विचारलं, बरोबर आलं. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "धूळ दिसते, देवी. माणूस दिसत नाही." आता त्यांनी वाकून बाहेर यायचं होतं. ते वाकले नाहीत. राणीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी जेवल्या काय?"

माझ्या शेजारी सरांनी कपाळाला हात लावला. पुढच्या सतरंजीवर कोणीतरी फिसकन हसलं.

सिस्टर हलली नाही. शेला सावरून तिने काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही, आर्य. आपण?"

हसणं बंद झालं.

"तुमी इचारलं, मी जेवतो मंग," काका म्हणाले. वाकले आणि बाहेर आले. विंगेत आल्यावर त्यांनी उपरणं माझ्यापुढे धरलं.  मी टाचण काढून दिलं, कारण पुढच्या प्रवेशात ते उपरणं दुसऱ्याला लागणार होतं.

नाटकानंतर सोयाबीनची धांदल सुरू झाली. गोडाऊन पोत्यांनी भरलं आणि जो तो आपल्या कामाला लागला. सिस्टरची बदली मंगरूळपीरला झाली. माझ्याकडे लग्नसराईचे ब्लाउज आले. काका येत, बसत, उठून जात. थंडीत एक दिवस आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत, तेव्हा मीच गल्लीत जाऊन शेजाऱ्याला दार ढकलायला लावलं. झोपेतच गेले होते.

तेरावं झाल्यावर मुलगा दुकानात आला. चाळिशीचा असेल, चांगल्या कंपनीत आहे. बराच वेळ काउंटरवरचे बॉबिन चाळवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार."

"शेजारच्या काकू म्हणतात, बाबांकडे कोणी बाई यायच्या. रोज सकाळी आवाज यायचा म्हणे. ती काहीतरी विचारायची आणि बाबा उत्तर द्यायचे. येताना-जाताना मात्र कुणी पाहिलं नाही तिला." तो लाल झाला होता. "माझं काही म्हणणं नाही. फक्त ती कोण, ते कळलं असतं तर... तिलाही कळवायला हवं ना?"

मला समजायला वेळ लागला नाही. दोन्ही आवाज काकांचेच. राणीचं वाक्य ते बारीक आवाजात म्हणत, आपलं आपल्या आवाजात. मी त्याला सगळं सांगितलं. नाटक, शेठ, सिस्टर. तो आधी हसला, सुटल्यासारखा. मग ओठांवर हसू तसंच राहिलं आणि त्यामागचा चेहरा बदलला.

"काय विचारायची ती?"

मी सांगितलं. "आर्य, वेशीवरून कोणी येताना दिसतं का?"

"आणि बाबा?"

तेही सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच. तीनदा."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक ब्लाउजपीस घेऊन आलं. मी टेप काढली, खांदा मोजला, बाही मोजली, गळा मागून किती खोल ठेवायचा ते विचारलं. तो गेला असेल असं समजून वर पाहिलं. तो दारातच उभा होता, हातात घराची किल्ली घेऊन, स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत. पुण्याची गाडी लागायची वेळ झाली होती. मी त्याला ते सांगितलं. त्याने मान हलवली, पण तो निघाला नाही.