रविवारी जेवायला येणारी दोघं

"मावशी, आमच्या बराकीतला एक पोरगा झोपला, तं उठलाच नाही."

माझ्या बहिणीच्या मुलानं हे वरणभात कालवता कालवता सांगितलं आणि हसला. शेजारी बसलेला त्याचा मित्रही हसला. मला हसू आलं नाही. मी पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, "काय झालं होतं त्याला?"

"काईच नाही. आदल्या दिवशी माह्यापुढं पळत होता. उस्ताद म्हणे, हार्ट फेल."

"एवढ्या लहान वयात?"

"आता मले काय माहीत? त्याची खाट दुसऱ्या दिवशी याले देली." त्यानं मित्राकडं हनुवटी केली.

मित्र सोलापूरकडचा होता, बुटका, गोल तोंडाचा. तो म्हणाला, "खिडकीजवळची हाय, मावशी. वारं झ्याक येतं."

दोघांची डोकी सारखीच भादरलेली. पांढरे शर्ट, करडी विजार. रविवारी त्यांना बाहेर सोडत, त्याला ते आऊटपास म्हणायचे. दोन बस बदलून कर्वेनगरला माझ्याकडं जेवायला यायचे. उस्ताद म्हणजे त्यांना शिकवणारे हवालदार. त्यांच्या नकला करून दाखवायचे, पोट धरून हसायचे आणि अंधार पडायच्या आत परत जायचे. त्या दिवशी ते गेल्यावर मी त्यांची ताटं उचलली आणि मनात आलं, मेलेल्याच्या खाटेवर झोपतो हा मुलगा, निदान गादी तरी उन्हात टाकली असेल का?

बहिणीचा मुलगा मिलिटरीत भरती होण्याआधी वर्षभर आमच्याकडंच राहिला होता. आमचे हे एका सोसायटीत वॉचमन. पार्किंगच्या कडेला एक खोली मिळालेली. मी कोथरूडला दोन घरी पोळ्या करायला जायची. पोरगा पहाटे टेकडीवर पळायला जायचा आणि घामानं निथळत खाली यायचा, तेव्हा समोरच्या इमारतीतली मुलं गळ्यात कंपनीचे पट्टे घालून गाडीची वाट बघत उभी असायची. एकदा त्यांच्याकडं बघून मला म्हणाला, "त्यायले कॉम्प्युटर येते. आपल्याले तं पळताच येते, मावशी." भरती झाला तेव्हा आमच्या यांनी सोसायटीभर पेढे वाटले. ट्रेनिंगही पुण्यातच, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बहीण यवतमाळकडं गावी. म्हणून त्याचं माणूस म्हणजे मीच.

फोनही म्हणून आमच्याकडंच आला, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी. यांनी घेतला. खाली आले ते चप्पल न घालताच. "चल," एवढंच म्हणाले.

ट्रेनिंग सेंटरवर आम्हाला एका स्वच्छ खोलीत बसवलं. कपबशीत चहा दिला. साहेब चांगले होते, हळू बोलत होते. शनिवारी सकाळी दौड होती, शेवटच्या टप्प्यात तो खाली बसला आणि मग आडवा झाला, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. बहुत अच्छा लड़का था, म्हणाले. आमचे हे मान हलवत राहिले. मी चहाकडं बघत राहिले, त्यावर साय धरेपर्यंत. परक्या माणसापुढं माझा आवाज लहानपणापासून फुटत नाही. घरी पाहुणा आला तरी मी आतूनच बोलते.

मिलिटरीच्या गाडीतून त्याला गावी नेलं. सोबत आलेल्या जवानांनी सलामी दिली. गावातली माणसं "शहीद" म्हणाली. बहीण रडली नाही. सगळं आटोपल्यावर तिनं मला चुलीपाशी ओढलं.

"माह्या लेकानं त्या दिवशी खाल्लं होतं का वं?"

"म्हणजे?"

"शनवार होता. मीच तं सांगतलं होतं त्याले, ट्रेनिंग होईस्तोवर मारुतीचा शनवार धर म्हणून. उपाशी पळला का थो? मले एवढंच सांग. बाकी मले काही नको."

साहेबांनी इंग्रजीत एक कागद दिला होता. पुण्याला आल्यावर मी तो पोळ्यांच्या घरच्या काकूंना दाखवला. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर नोकरी करायला अमेरिकेला गेलेला. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"हृदय बंद पडलं, असं लिहिलंय."

"कशानं?"

"ते नाही लिहिलेलं. सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं, त्यासाठी कागद कशाला हवा?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिथं गेला होतात ना? मग विचारायचं. प्रश्न विचारायला फी पडत नाही."

मी परातीत पीठ घेतलं. 

काही रविवार गेले आणि तो सोलापूरचा मुलगा एकटाच आला. दारात उभा राहिला, आत ये म्हटल्यावरच आला. पुण्यात त्याचं दुसरं कुणी नव्हतं. मी ताट वाढलं. तो भात चिवडत बसला. आमचे हे ड्यूटीवर गेटपाशी होते.

मी विचारलं, "त्या दिवशी तो जेवून गेला होता का रे? त्याची आई विचारते. शनिवारचा उपास होता त्याचा."

"उपास?" त्यानं मान वर केली. "उपास त्यानं पहिल्याच महिन्यात सोडला. उपाशीपोटी पळू देत न्हाईत, मावशी. मी बघितलंय, पुऱ्या खाल्ल्या त्यानं. पर आईला सांगू नकोस म्हणला हुता."

मला बरं वाटलं. लगेच वाटलं, हे बहिणीला कसं सांगू? उपास होता म्हटलं तर तिच्या नवसानं मेला. मोडला म्हटलं तर मारुती कोपला म्हणेल. मी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला तेव्हा बोटांना बोटं लागली आणि मी चमकले. कपाळावर हात ठेवला. तवा असतो तसं कपाळ.

"अरे, ताप आहे तुला."

"उन्हातनं आलोय."

"किती दिवस?"

"हाय गुरवारपास्नं. येतोय जातोय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की दवाखान्यात टाकत्यात. जास्त दिवस मोडलं की मागच्या बॅचला ढकलत्यात, मग परत सगळं पहिल्यापास्नं. घरी काय सांगू? वडिलांनी ट्रेनिंग संपायची तारीख सांगून ठेवलीय गावाला. मंगळवारी मोठी दौड हाय. तेवढी झाली की दाखवतो."

मी त्याच्यासमोर खाली बसले. "माझ्या पोराला ताप होता?"

त्यानं ताट थोडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "दोन दिस हुता. पर मावशी, ज्याची खाट मला दिली त्याला कायबी न्हवतं. ताप न्हाई, खोकला न्हाई. म्हणून म्हणतो, तापाचं काय न्हाई. आमच्यात पोरं म्हणत्यात, एखाद्या बॅचलाच लागतं तसं. तीन घेतल्याशिवाय जात न्हाई."

"काय लागतं?"

"कुणाला ठावं." आणि हसायचा प्रयत्न केला.

यांना मी बाहेर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तू त्यांच्या भानगडीत पडू नकोस. आपण कोण त्याचे? त्याचे आईबाप आहेत."

"ते सोलापूरला आहेत."

"मग? मिलिटरीला तू शिकवणार?"

बरोबरच होतं त्यांचं. त्या मुलाच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण तो मंगळवार मला समोर दिसत होता. मी चप्पल घातली आणि त्याला म्हटलं, "चल, गेटापर्यंत येते." त्याला वाटलं, सोबत म्हणून. बसमध्ये खिडकीच्या गजाला डोकं टेकून तो झोपला. प्रत्येक खड्ड्याला डोकं आपटत होतं तरी जागा झाला नाही. मी मनात हिंदी वाक्यं जुळवत होते.

गेटावर मिशाळ हवालदार होता. तो मुलाचा कागद बघायला लागला आणि मी पुढं झाले.

"साहेब, इसको बुखार है."

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. मुलानं गर्रकन मान वळवली. "नहीं साब, कुछ नहीं है. ये मेरी कोई नहीं."

हवालदारानं त्याच्या गळ्याला हाताची मागची बाजू लावली. "बुखार तो यहाँ आधों को है, माताजी." दुसरा पहारेकरी हसला.

"मेरा लड़का यहींच गया, साहेब. पिछले महिने. इसको मंगळवार को मत दौडाओ."

हवालदार हसायचा थांबला. "कौन-सा लड़का?"

मी नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्या मुलाकडं, आणि कागद परत दिलाच नाही. "आप जाइए," म्हणाला. मुलगा आत गेला. एकदाही मागं वळला नाही.

सोमवारी मी एसटीडी बूथवरून गावी फोन लावला. बहिणीला शेजाऱ्यांकडं बोलावून आणलं.

"पोटभर खाल्लं होतं त्यानं. सोबतच्या पोरानं पाहिलं."

"काय खाल्लं?"

"पुऱ्या."

 ती म्हणाली, "म्हंजे मोडला उपास." आणि फोन ठेवला.

मंगळवारी काकूंकडं पोळ्या लाटताना त्यांचा फोन वाजला आणि माझ्या हातून लाटणं सुटलं. काकू म्हणाल्या, "तुमचा नाही, अमेरिकेचा आहे. लाटा." तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यासाठी फोन येणारच नव्हता. त्याचं काही झालं तर सोलापूरला कळवतील. मी त्याची कुणी नव्हते, तो स्वतःच म्हणाला होता. बुधवार गेला, गुरुवार गेला. पुढचेही असेच गेले. काही झालं नसलं तरी असंच शांत राहणार होतं आणि झालं असलं तरीही.

रविवारी मी डबा घेऊन गेले. भेटायला येणाऱ्यांसाठी पत्र्याची शेड होती. तिथं इतर आया पोरांना भरवत होत्या. मी नाव सांगितलं. पहारेकऱ्यानं आत विचारलं. मग म्हणाला, बसा.

तो दवाखान्याच्या निळ्या कपड्यांत आला. गाल बसले होते. माझ्यासमोर उभा राहिला, बसला नाही.

"का बोललासा, मावशी?"

"ताप उतरला?"

"उतरला. मागं टाकलं मला."

"मंगळवारी पळाला नाहीस ना?"

"कसा पळणार? दवाखान्यात पडलेलो." मग इकडं तिकडं पाहून आवाज खाली आणला. "बिहारचा एकजण पडला त्या दौडीत. माझ्या मागंच असायचा पळताना."

"आणि?"

"बराकीत आला न्हाई परत. कोण काय सांगत न्हाई."

"त्याला ताप होता?"

"न्हवता, मावशी. धडधाकट हुता. आता मला परत सगळं तेच करायचं हाय, पहिल्या दिवसापास्नं. तीच दौड, तोच रस्ता. तुमी आता येऊ नगासा."

त्यानं डबा घेतला नाही. मी त्याला एका मंगळवारातून बाहेर काढलं होतं. आता त्याच्यापुढं सगळेच मंगळवार नवे होते.

त्यानंतर मी शेडमध्ये गेले नाही. पण रविवारी संध्याकाळी गेटासमोर रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहायची, मुलं परत यायच्या वेळेला. पांढरे शर्ट, भादरलेली डोकी, एकामागून एक आत जायची. त्यातून एक बुटका, गोल तोंडाचा ओळखायला वेळ लागायचा. दिसला की मी घरी यायची.