विचारल्याशिवाय पुसायचं नाही
बंगळुरूतल्या बनशंकरीच्या रघुनंदनचा कशावरच विश्वास नसे. गॅस बंद केल्यावरही तो तीनदा पाहून येई. त्या सकाळी क्लाउडवरच्या सदतीस नव्या सर्व्हरांवर लिनक्स आपोआप चढता चढता अडलं आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इन्स्टॉलरची सगळी उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहिलेली असतात, मग तो थांबेल कशाला?

"फाइलला तू हात लावलास," तो पुण्याहून नवीन आलेल्या निहारला म्हणाला.

निहारने स्क्रीन दाखवला. इन्स्टॉलर विचारत होता, डिस्क पुसू का? हे विचारायची ओळ फाइलमध्ये कोणी घातली, तेही निहारने शोधून दाखवलं. रघुनंदननेच, उगादीच्या म्हणजे पाडव्याच्या आधी.

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणत त्याने सगळीकडे स्वतः 'हो' दाबलं.

"ती ओळ काढून टाकू, सर?"

रघुनंदनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "का? तुला काय पुसायचंय?"