बारीक आवाजात ऐकणारे

रहिमतपूरच्या बाजारात स्पीकर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मी घरातल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करतो आणि गाणं तयार झालं की पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे जातो. मी मोठ्यानं लावतो. ते लगेच बटण मागं फिरवून आवाज कुजबुजीइतका बारीक करतात आणि विचारतात, "आता काय काय आयकू येतंय, सांग." गाणं कसं झालंय, हे मात्र ते कधीच सांगत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी माणदेशातल्या एका मेंढपाळ घरातल्या म्हाताऱ्या बाईंच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. मागं ढोल, बासरी, कीबोर्ड, सगळं भरलं आणि खुशीत दुकान गाठलं. त्यांनी आवाज बारीक केला, तसा नुसता ढोल उरला.

"म्हातारी काय म्हणती?" त्यांनी विचारलं.

मला एक शब्दही सांगता येईना.

"लय राबलायस रं. पर तिला बोलू दे की."

घरी मी एकेक वाद्य बंद करत ऐकत बसलो. दोन ओळींच्या मधला बाईंचा श्वास मी नको म्हणून कापला होता. तो परत जोडला. ढोल तेवढा ठेवला, तोही लांबून येणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा बटण मागं फिरवलं. मग उठून, तसल्या उकाड्यात पंखा बंद केला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले.